अनवाणी गेन आणि आठवड्याची मुदत

केइजी नाकाझावा यांच्या 'हादाशी नो गेन', म्हणजे 'अनवाणी गेन', या दहा खंडांच्या चित्रकादंबरीविषयी जे लिहिले जाते त्यात 'साक्ष' हा शब्द हटकून येतो. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा नाकाझावा सहा वर्षांचे होते. त्या दिवशी त्यांचे वडील, बहीण आणि धाकटा भाऊ गेले. पुढे त्यांनी त्यावर चित्रकथा काढली. तेव्हा ही साक्ष आहे हे खरेच. पण एखाद्याला साक्षीदार म्हटले की तो काय सांगतो एवढेच आपण ऐकतो. ते सांगण्यासाठी त्याने काय रचले, काय वगळले, कुठे थांबला, याकडे पाहणे जणू अशिष्टपणाचे ठरते. परिणामी 'गेन'ची थोरवी सारे मान्य करतात, आणि तिच्या कर्त्याचे कर्तृत्व मात्र अंधारात राहते.

या लेखात मला त्या कर्तृत्वाकडे पाहायचे आहे. नाकाझावा हे मुलांच्या साप्ताहिकासाठी ठरलेली पाने ठरलेल्या दिवशी देणारे व्यावसायिक चित्रकथाकार होते. शाईने हात काळे करून, संपादकाला पटवून, वाचकाला पुढच्या आठवड्यापर्यंत धरून ठेवून त्यांनी पोट भरले. 'गेन'मधले जे उत्तम आहे ते या धंद्याच्या शिस्तीतून आले, आणि पुढे त्या शिस्तीतून सुटल्यावर ती कुठे कुठे सैल पडली, असे माझे म्हणणे आहे. शाळांनी आणि शिक्षण मंडळांनी या पुस्तकावर वेळोवेळी जे आक्षेप घेतले त्यांचा अर्थही या बाजूने पाहिल्यावर अधिक स्पष्ट होतो.

पाट्या रंगवणारा मुलगा

नाकाझावांचा जन्म १९३९चा, हिरोशिमातला. वडील पारंपरिक जपानी शैलीचे चित्रकार. लाकडी खडावांवर नक्षी रंगवणे हा चरितार्थाचा उद्योग. युद्धविरोधी नाटकमंडळीशी संबंध आल्यामुळे त्यांना तुरुंगवास भोगावा लागला होता. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी केइजी शाळेच्या फाटकाशी पोचला होता. ओळखीच्या एका बाईने त्याला काहीतरी विचारले, म्हणून तो थांबला. स्फोटकेंद्र तिथून जेमतेम सव्वा किलोमीटरवर. फाटकालगतच्या काँक्रीटच्या भिंतीने त्याला आडोसा दिला. समोर उभी असलेली बाई जळून गेली. घरी आई माडीवरच्या बाहेरच्या भागात कपडे वाळत घालत होती, ती वाचली. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ कोसळलेल्या घराखाली अडकले, आणि आग आली. त्याच दिवशी आई बाळंत झाली. ती मुलगी पुढे काही महिन्यांतच गेली.

त्यानंतरचे त्यांचे आयुष्य आपल्याला फार परके वाटू नये. तेझुकांचे 'शिन ताकाराजिमा' हे १९४७ चे चित्रपुस्तक हाती पडले आणि या मुलाला आपण काय व्हायचे ते कळले. शिक्षण पुढे चालू ठेवण्याची ऐपत नव्हती, म्हणून तो दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याकडे कामाला लागला. आपल्याकडे गावोगावच्या 'पेंटर' मंडळींकडून कित्येक मुले असेच अक्षर आणि रंग शिकली. पाटी रस्त्याच्या पलीकडून वाचता आली पाहिजे, कडा स्वच्छ हवी, काळे ते ठार काळे हवे, हे त्या कामाचे पहिले पाठ. 'गेन'ची पाने उघडली की ते धडे दिसतात. जाड बाह्यरेषा, भरीव काळा, लांबूनही कळावेत असे चेहरे. जपानी साप्ताहिके तेव्हा स्वस्त, खरखरीत कागदावर एका रंगात छापली जात. नाजूक रेषा त्या कागदावर मरते. पाट्या रंगवलेल्या हाताची रेषा जगते.

१९६१ मध्ये नाकाझावा टोकियोला गेले, प्रस्थापित चित्रकथाकारांकडे मदतनीस म्हणून राबले, आणि १९६३ मध्ये मुलांच्या मासिकात मोटारशर्यतीच्या कथेने त्यांचे स्वतःचे काम सुरू झाले. त्यांत हिरोशिमाचा मागमूस नव्हता. बॉम्बमधून वाचलेल्यांचा आजार संसर्गाने पसरतो असा समज टोकियोत होता. आपण हिरोशिमाचे हे कळताच माणसे कशी बिचकतात हे त्यांनी अनुभवले, आणि त्या विषयावर बोलणेच सोडले. ही सात-आठ वर्षे चरित्रकार भराभर उलटतात. मला ती महत्त्वाची वाटतात. कारण याच काळात ते खेळ, शर्यती, मारामाऱ्या काढायला शिकले. अकरा वर्षांचा मुलगा पान कशामुळे उलटतो हे शिकले. पुढे जे सांगायचे होते त्याची भाषा त्यांनी त्याविषयी मौन पाळूनच कमावली.

आईच्या अस्थी

१९६६ मध्ये आई वारली. दहनानंतर अस्थी वेचायला गेले तर हाती येण्याजोगे हाड उरले नव्हते. पांढरट भुगा तेवढा होता. अणुबॉम्बने आपल्या आईची हाडेसुद्धा नेली, या संतापातून आपण या विषयाकडे वळलो असे नाकाझावांनी पुढे अनेकदा सांगितले.

मात्र तो संताप लगेच 'गेन' झाला नाही. पहिली कथा होती 'काळ्या पावसात भिजलेला'. तिचा नायक हिरोशिमातला भाडोत्री मारेकरी, आणि त्याचे बळी अमेरिकन. ती मोठ्या प्रकाशनांनी नाकारली. अखेर १९६८ मध्ये प्रौढांसाठीच्या एका दुय्यम प्रतीच्या मासिकाने छापली. ती सूडकथा आहे, आणि सूडकथेला शोक पेलत नाही. मारेकऱ्याला पूर्वायुष्य असते, घर नसते. आई, चूल, भावंडांची भांडणे, भाताच्या वाटणीवरून झालेली रडारड यांना तिथे जागाच नाही. नाकाझावांना स्वतःचा विषय सापडला होता, पण तो मांडायला योग्य वाचक सापडला नव्हता.

तो सापडला 'शोनेन जंप'मुळे. १९७२ मध्ये या प्रकाशनाच्या मासिक आवृत्तीने चित्रकथाकारांकडून आत्मकथनपर छोट्या कथा मागवल्या, आणि नाकाझावांनी 'मी ते पाहिले' ही कथा दिली. संपादक तादासु नागानो यांनी ती वाचून, यावर हवी तेवढी लांब मालिका करा, असे सुचवले. जून १९७३ मध्ये साप्ताहिक 'शोनेन जंप'मध्ये 'अनवाणी गेन' सुरू झाली. या साप्ताहिकाचा खप तेव्हा दहा लाखांच्या पुढे होता, आणि वाचक होते शाळकरी मुलगे. योगायोगाची गोष्ट अशी की आपल्याकडे 'किशोर' मासिक १९७१ मध्ये सुरू झाले आणि 'अमर चित्र कथा' त्याआधी चार वर्षे मुंबईहून निघू लागली होती. मुलांना चित्रांतून काय सांगावे याचा विचार दोन्हीकडे एकाच काळात चालला होता. आपण पुराणे आणि थोर पुरुष निवडले. तिथे एका संपादकाने एका माणसाला त्याच्या आयुष्यातली सर्वांत वाईट सकाळ काढायला सांगितली.

मुदतीने घडवलेला आकार

साप्ताहिक चित्रकथेचे काम कसे चालते हे थोडक्यात सांगायला हवे. एका हप्त्याला साधारण पंधरा ते वीस पाने. आधी चौकटींचा कच्चा आराखडा आणि संवाद, तो संपादकाने पाहायचा. मग पेन्सिल, मग टाकाने शाई, मग खोडणे, काळे भरणे. एक अंक हातावेगळा होतो तोच पुढचा दारात उभा. नाकाझावांकडे मदतनिसांचा ताफा नव्हता. पत्नी कामाला हातभार लावी. त्यात 'जंप'चा दंडक असा की वाचकांनी पोस्टकार्डावर आवडत्या कथा कळवायच्या, आणि त्या मोजणीवर मालिकांचे भवितव्य ठरायचे. हिरोशिमाची कथा शर्यतींच्या आणि कुस्त्यांच्या शेजारी बसून दर आठवड्याला मते मागत होती.

एवढ्या गंभीर विषयाला ही चौकट अपमानास्पद वाटेल. प्रत्यक्षात तिने कथेला सावरले, असे मला दिसते. पहिल्या खंडाची रचना पाहा. तो एप्रिल १९४५ च्या सुमारास सुरू होतो आणि बॉम्ब येतो तो खंडाच्या शेवटाकडे. त्याआधीची जवळजवळ सगळी पाने नाकाओका कुटुंबाची आहेत. युद्धाविरुद्ध बोलतो म्हणून बापाला पकडून नेतात, शेजारी घराला वाळीत टाकतात, गव्हाचे शेत उद्ध्वस्त होते, भावंडे एका रताळ्यासाठी हाणामारी करतात. शेजारचा कोरियन माणूस, पाक, तेवढा या घराशी माणुसकीने वागतो. पुस्तक म्हणून वाचणाऱ्याला हे दोन-तीन तासांचे वाचन. साप्ताहिक वाचणाऱ्या मुलाने मात्र या घरात आठवड्यामागून आठवडे काढले. शिन्जी या धाकट्या भावाची खोड त्याला माहीत झाली, त्याची गाणी पाठ झाली. मग ६ ऑगस्ट उजाडला. एकगठ्ठा पुस्तकासाठी लिहिणारा लेखक एवढा वेळ काढायला धजावला नसता. हप्त्याने लिहिणाऱ्याला तो काढावाच लागतो.

हीच गोष्ट विनोदाची. 'गेन'मध्ये मुले सतत एकमेकांना गुद्दे घालतात, वात्रट गाणी म्हणतात, डोळ्यांतून नळासारखे पाणी काढतात. प्रौढ समीक्षकाला हे कर्कश वाटते. पण हीच अतिशयोक्ती बॉम्बनंतरही चालू राहते, आणि तिथे तिचा अर्थ पालटतो. हातांवरून लोंबणारी कातडी, अंगात रुतलेल्या काचा, जखमांतले किडे, हे सारे त्याच ठसठशीत, गोलसर रेषेत काढलेले आहे. वास्तववादी शैलीत ही पाने मुलाला पाहवली नसती. भीषणता आपण मुद्दाम सौम्य केली, नाहीतर मुलांनी पुस्तक मिटले असते, असे नाकाझावांनी सांगितले आहे. आणि खरे हिरोशिमा आपल्या चित्रांहून कितीतरी भयंकर होते ही खंतही त्यांनी बोलून दाखवली आहे. मुलांसाठी काढणाऱ्याचा हा खरा पेच. किती दाखवले तर मूल पान उलटेल, आणि किती झाकले तर ते खोटे होईल? उत्तर सिद्धान्ताने मिळत नाही. दर आठवड्याला, पानापानाला ते नव्याने शोधावे लागते. 'गेन'मध्ये एखाद्या भयंकर पानानंतर बहुधा एक रिकामी चौकट येते, आकाशातल्या नुसत्या सूर्याची. कथेत तो वेळ मोजतो. वाचणाऱ्या मुलाला तो श्वास घ्यायला जागा देतो.

न पाहिलेले दृश्य

आता 'गेन'मधल्या सर्वांत प्रसिद्ध प्रसंगाकडे येतो. घर कोसळले आहे. वडील, बहीण एइको आणि शिन्जी तुळयांखाली अडकले आहेत. गेन आणि आई तुळई उचलू पाहतात. ती हलत नाही. आग जवळ येते. वडील गेनला आईला घेऊन निघून जायला सांगतात. आईला तिथेच मरायचे आहे. शेवटी पाकच तिला ओढून काढतो. जगभरच्या वाचकांना 'गेन' म्हटले की ही पाने आठवतात.

नाकाझावांनी हे पाहिलेले नाही. ते तेव्हा शाळेच्या भिंतीपाशी होते. हे सारे घडले ते त्यांच्या आईसमोर, आणि त्यांना ते कळले तिच्या तोंडून. कादंबरीत त्यांनी स्वतःच्या जागी गेनला उभे केले आणि त्याला त्या तुळईला हात लावायला दिला.

'साक्ष' म्हणून वाचणाऱ्याला ही अडचण वाटेल. जणू साक्षीत भेसळ झाली. मला वाटते, नाकाझावा लेखक म्हणून सर्वांत मोठे ठरतात ते इथेच. ज्या मुलाला तिथे असता आले नाही, त्याला चित्रकथाकार झाल्यावर तिथे जाता आले. पण जाऊनही त्याने तुळई हलू दिली नाही. इतर सगळीकडे गेनची मूठ काम करते. गावगुंडांपासून काळ्या बाजारवाल्यांपर्यंत सगळे ती खातात. मुलांच्या साप्ताहिकाचा तो संकेतच आहे. या एका जागी तो संकेत मोडतो. नायक जीव खाऊन जोर लावतो आणि काहीही होत नाही. ज्या वाचकाला आठवडेच्या आठवडे गेन जिंकताना पाहायची सवय लावली, त्यालाच हे दिसते. धंद्याने शिकवलेली युक्ती नेमक्या ठिकाणी मोडणे यालाच मी कारागिरी म्हणतो.

आईच्या मृत्यूचेही तसेच. प्रत्यक्षात ती गेली तेव्हा नाकाझावा सत्तावीस वर्षांचे, टोकियोत स्थिरावलेले चित्रकार होते. कादंबरीत ती सातव्या खंडात, गेन अजून पोरसवदा असताना जाते, आणि अस्थींचा तो भुगा त्याच्या हाती येतो. लेखकाने आपला प्रौढ संताप उचलून एका मुलाच्या ओंजळीत ठेवला. मराठी वाचकाला इथे 'श्यामची आई' आठवल्यावाचून राहणार नाही. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकातही आई जाते, आणि मुलाचे पुढचे सारे जगणे त्या मृत्यूच्या उजेडात उभे राहते. फरक हा की श्याम रडतो आणि ते अश्रू त्याला निर्मळ करतात. गेन रडतो, आणि मग विचारतो की हे कोणी केले. श्यामच्या दुःखाला गुन्हेगार नाही. गेनच्या दुःखाला आहे, आणि लेखक अमेरिकन बॉम्बफेकीबरोबर जपानच्या सम्राटाचे आणि लष्कराचेही नाव घेतो.

वाचक बदलल्यावर

'जंप'मधली मालिका सप्टेंबर १९७४ मध्ये थांबली. पुढच्या वर्षी चोबुन्शा या प्रकाशनसंस्थेने पुस्तके काढली, आणि ती शाळांच्या ग्रंथालयांत पोचली. चित्रकथांना जिथे सहसा दार बंद असे तिथे 'गेन' शिरली. कथा मात्र अपुरी होती. ती पुढे डाव्या विचारांच्या आणि शिक्षक संघटनेच्या नियतकालिकांतून चालू राहिली आणि १९८०च्या दशकापर्यंत चालली. आता पोस्टकार्डे नव्हती, शेजारी शर्यतीची कथा नव्हती, आणि वाचक होते आधीच सहमत असलेले मोठे लोक.

याचा परिणाम पानांवर दिसतो. उत्तरार्धात माणसे चौकट अडवून भाषणे करतात. सम्राट, पुन्हा उभे राहणारे लष्कर, कोरियन युद्ध, यांविषयीचे त्यांचे म्हणणे बहुतांशी योग्य आहे, पण ते गेनच्या तोंडी लेखकाने घातलेले आहे हे लपत नाही. जो लेखक बाराव्या वर्षाच्या वाचकाला गमावण्याच्या धास्तीने प्रत्येक पान जिवंत ठेवत होता, त्याची ती धास्ती संपली. मारामाऱ्यांची पुनरावृत्तीही इथे जास्त जाणवते.

तरीही उत्तरार्ध टाकाऊ नाही. गेन पाट्या रंगवणाऱ्याच्या हाताखाली जातो, एका वृद्ध चित्रकाराकडून यथार्थदर्शन आणि रंग शिकतो, तेव्हा पुस्तक पुन्हा श्वास घेते. भाषणाच्या जागी काम येते. त्याआधी तिसऱ्या खंडातही असाच एक चित्रकार आहे, सेइजी. अंग भाजलेले, हात निकामी, किड्यांच्या भीतीने घरच्यांनी एका खोलीत टाकलेला. गेन त्याची शुश्रूषा करतो ती पैशासाठी, आणि अखेर त्याला तोंडात कुंचला धरायला लावतो. अणुबॉम्बवरच्या या कादंबरीत चित्र काढणे म्हणजे काय याचा विचार असा सतत चालू आहे. शेवटच्या खंडात प्रेयसी मित्सुको रक्ताच्या कर्करोगाने जाते, आणि १९५३ मध्ये गेन चित्रकार व्हायला टोकियोची गाडी पकडतो. टोकियोतला दुसरा भाग नाकाझावांच्या मनात होता. पण दृष्टी अधू होत गेली आणि तो राहून गेला. २००९ मध्ये त्यांनी काम थांबवले. हाताने पोट भरणाऱ्या माणसाला डोळ्यांनी निवृत्त केले.

कपाटाआड

नाकाझावा १९ डिसेंबर २०१२ रोजी वारले. त्याच महिन्यात मात्सुए शहराच्या शिक्षण कार्यालयाने शाळांना सांगितले की 'गेन' खुल्या फडताळावरून काढून आतल्या कपाटात ठेवा. कारण दिले ते शेवटच्या खंडांतल्या जपानी सैनिकांच्या अत्याचारांच्या चित्रांचे. पुढच्या ऑगस्टमध्ये हे बाहेर फुटले, देशभर गदारोळ झाला आणि निर्णय मागे घेतला गेला.

२०२३ मध्ये घडलेली घटना मला अधिक बोलकी वाटते. खुद्द हिरोशिमा शहराच्या शिक्षण मंडळाने प्राथमिक शाळांच्या शांतताविषयक पाठांतून 'गेन'चे उतारे वगळले. त्यातले दोन प्रसंग असे. एकात भाऊ रस्त्यावर नानिवाबुशी, म्हणजे वाद्याच्या साथीने गाऊन सांगायची कथा, सादर करून पैसे मिळवतात. दुसऱ्यात गरोदर, उपाशी आईसाठी गेन परक्याच्या तळ्यातला मासा चोरतो. आजच्या मुलांना ही गाणी कळत नाहीत, आणि मासा चोरणे समजावून सांगावे लागते, असा सूर होता.

बॉम्बची भीषण पाने जिथे अडचणीची ठरली नाहीत, तिथे भुकेची पाने ठरली. हे प्रसंग साप्ताहिकाच्या हिशेबाने रचलेले आहेत: थोडी गंमत, थोडी चोरी, पकडले जाण्याची धाकधूक. पण युद्ध मुलापर्यंत पहिल्यांदा पोचते ते भुकेच्या रूपाने, आणि भूक चांगल्या मुलालाही चोर करते, हे या पुस्तकाचे मर्म त्यांतच आहे. 'समजावून सांगावे लागते' ही तक्रार असेल, तर शिक्षकाने मग करायचे काय? शांततेचा पाठ द्यायचा आणि त्यातले उपाशी घर वगळायचे, तर उरतो तो फक्त एक मोठा ढग. तो कुठल्याही फलकावर मिळतो.

'गेन' आज वीसहून अधिक भाषांत आहे, आणि आर्ट स्पीगलमनसारख्या चित्रकथाकाराने इंग्रजी आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. मुलांसाठी आत्मकथनपर चित्रकादंबऱ्या लिहिणारी आजची अमेरिकन लेखिका रेना टेल्गमायर हिने लहानपणी वडिलांनी हातात दिलेल्या 'गेन'चे ऋण मानले आहे. दातांच्या दुखण्यावर पुस्तक लिहिणारी ती, आणि अणुबॉम्बवर लिहिणारे नाकाझावा. दुवा विषयाचा नाही. आपले खरे दुखणे मुलाला सांगता येते, आणि ते सांगण्यासाठी चौकटींचे काम नीट शिकावे लागते, हा तो दुवा.

मराठीत बालसाहित्याच्या चर्चा बहुधा 'मुलांना काय द्यावे' इथे सुरू होतात आणि तिथेच संपतात. देणाऱ्या माणसाला कोणत्या अंकात, कोणत्या मोबदल्यात, किती पानांत आणि कोणत्या संपादकाच्या भरवशावर काम करता येते, हा प्रश्न क्वचित निघतो. चित्रकाराचे नाव तर कितीदा आतल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असते. नागानोंसारखा संपादक आणि दर आठवड्याला वाट पाहणारा वाचक नसता, तर नाकाझावांकडे असती एक छोटी आत्मकथा, एक सूडकथा आणि मूठभर भुगा. 'अनवाणी गेन' उभी राहिली ती कुणीतरी एका चित्रकाराला जागा, वेळ आणि मुदत दिली म्हणून. आपल्याकडेही सांगण्यासारख्या सकाळी पुष्कळ आहेत: फाळणीच्या, दुष्काळाच्या, किल्लारीच्या भूकंपाच्या. त्या काढू शकणारे हातही असतील. त्यांना दर महिन्याला वीस पाने देणारा मराठी अंक कोणता, हे आधी ठरवायला हवे.